दीड सुताचं भोक: घरच्या विमानासाठी लोखंडी पट्ट्या घडवताना

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या विमानाच्या धातूकामाचा पहिला टप्पा संपला. 'आमच्या' म्हणतोय खरा, पण विमान माझ्या मित्राचं. वेंगुर्ला तालुक्यात, पारुळ्यात त्याच्या वडिलांची आंब्याच्या पेट्या ठेवायची शेड आहे, तिथे ते आकार घेतंय. लाकूडकाम त्याचे मामा बघतात. त्यांची हयात मच्छीमारांच्या होड्या बांधण्यात गेली. धातूचे बारीकसारीक भाग माझ्या वाट्याला आले. का, तर मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे आणि मला व्हर्नियर वाचता येतो. कानस तोवर मी फक्त विळीला धार काढायला हातात धरली होती. सुरुवात करताना मराठीत काही वाचायला मिळतंय का ते शोधलं, पण हाती काही लागलं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने सगळं लिहून ठेवतो.

विमान आहे पीटनपोल एअर कॅम्पर. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी ते बांधलं. इंजिन फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं, जागा दोन, सांगाडा लाकडी, वर कापड, आणि पंख धडाच्याही वर, टेकूंवर उभा. १९३२ मध्ये त्याचे आराखडे छापून आले. १९३० च्या दशकात हाताने काढलेले नकाशे आजही विकत मिळतात. मित्राने ते मागवले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही ते माझ्या ओटीवर पसरून बसलो.

लाकडी विमानात धातू कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण लाकूड लाकडाला जिथे जिथे भेटतं, आणि जिथे ओढ किंवा रेटा एका जागी एकवटतो, तिथे पोलादी पट्टी असते. टेकू धडाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, शेपटीच्या बिजागऱ्या, तारा अडकवायचे कान, चाकांच्या पायांचे जोड. बहुतेक तुकडे तळहातावर मावतात. वेल्डिंग लागणारे सोडले तर आमच्या यादीत पन्नासेक भरले. कागदावर एकेक तुकडा अगदी साधा दिसतो: दोन भोकं, एक वाक, कोपरे गोल. डिसेंबरपर्यंत हे काम मला किरकोळ वाटत होतं.

मग धातू शोधायला निघालो.

मूळ नकाशांच्या काळात साधं सौम्य पोलाद वापरत. आता बांधणारे बहुतेक जण ४१३० घेतात. हे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं मिश्रपोलाद, त्यात कार्बन ०.३० टक्क्यांच्या आसपास. विमानासाठी ते 'नॉर्मलाइज्ड', म्हणजे तापवून हवेत निवू दिलेल्या, अवस्थेत घ्यायचं. तशा पत्र्याची ताणशक्ती चौरस इंचाला ९०,००० पौंडांच्या घरात असते, म्हणजे नेहमीच्या माइल्ड स्टीलच्या दीडपट. कुडाळला विचारलं तर दुकानदार हसला. मुंबईत गुलालवाडीत फिरलो. तिथे ४१३० आणि ४१४० चे गोल बार लगेच दाखवतात, पण मला हवा होता १.६ मिलिमीटरचा पत्रा, आणि सोबत गिरणीचा, म्हणजे पोलाद बनवणाऱ्या कारखान्याचा, दाखला. एक व्यापारी म्हणाला, "पत्रा देतो, दाखला कशाला हवा? माझा शब्द पुरे नाही का?" माणूस सज्जन होता. चहाही पाजला. पण त्याचा शब्द मला वहीत चिकटवता येत नव्हता.

सगळ्या कामाचं गुपित खरं तर इथेच आहे, म्हणून थोडं सांगतो. ४१३० आणि माइल्ड स्टील शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. वजन तेच, रंग तोच, गंजही तसाच चढतो. कानस लावल्यावर सरावलेल्या हाताला थोडा फरक जाणवतो, पण हाताला काय जाणवलं याला पुरावा म्हणून कोणी विचारत नाही. धातूच्या प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूला, एक हीट नंबर असतो, त्या घाण्याची चाचणी होते आणि दाखल्यावर रसायन आणि ताकद, दोन्ही छापलेली असतात. तो नंबर तुमच्या पट्टीपर्यंत पोचला तर ती विमानाची पट्टी. नाहीतर, माझ्या गुरूंच्या भाषेत, "कागद नाय तर ह्या भंगार."

शेवटी पत्रा अमेरिकेतून मागवला. दोन जाडीचे तुकडे घेतले: ०.०६३ इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर, आणि ०.०९० इंच, म्हणजे साधारण २.३ मिलिमीटर. वजन नऊ किलोच्या आसपास. धातूला बाराएक हजार रुपये पडले आणि वाहतुकीला त्याहून जास्त. जकात धरून सगळं ३८,००० च्या घरात गेलं. सोबत बोल्ट मागवले तेही एएन प्रतीचे (विमानांसाठीचं अमेरिकी मानक), कारण बाजारातला तसाच दिसणारा बोल्ट इथे चालत नाही. एएन बोल्टची ताणशक्ती चौरस इंचाला १,२५,००० पौंड ठरलेली असते.

पार्सल मुंबईत येऊन थांबलं. आधी केवायसी: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा. स्वतःच्या वापरासाठी, व्यापाराशी संबंध नसलेल्या आयातीला आयात-निर्यात कोड लागत नाही. एजंट मागू लागला तर हे शांतपणे सांगावं. मग प्रश्न आला की बिलावर 'एअरक्राफ्ट' शब्द आहे, तर हे विमानाचे सुटे भाग आहेत का? प्रश्न रास्त होता. मी एका पानाचं पत्र लिहिलं: हे मिश्रपोलादाचे सपाट पत्रे आहेत, तयार भाग नाहीत, वैयक्तिक बांधकामासाठी आहेत, विक्रीसाठी नाहीत. सोबत बिल आणि गिरणीचा दाखला जोडला. पुढच्या आठवड्यात पार्सल सुटलं. माझा सल्ला असा की हे पत्र माल निघण्याआधीच तयार ठेवा, आणि बिलावर मालाचं वर्णन 'अलॉय स्टील शीट' असं सरळ लिहायला विक्रेत्याला आधीच सांगा. थांबलेल्या पार्सलवर रोजचं भाडं चढतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पत्रे वेंगुर्ल्यात पोचले. त्यांच्यावर शाईने ओळीने छापलेलं असतं: ४१३०, अवस्था, मानक, हीट नंबर. ही छपाई म्हणजे पत्र्याची जन्मपत्रिका समजा. कापायला सुरुवात छपाई नसलेल्या बाजूने करायची आणि छापील टोक शेवटपर्यंत राखायचं. नवीन तुकडा कापला की करवत खाली ठेवायच्या आधी त्यावर मार्करने नंबर घालायचा. मी दोनशे पानी रजिस्टर केलं. त्यात तारीख, नकाशाचा क्रमांक, पट्टीचं नाव, कुठल्या पत्र्यातून कापली, कोणी कापली, कोणी तपासली, आणि पट्टी मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो. सौ. म्हणाली, "अहो, घरखर्च कधी असा लिहिला नाहीत." त्यावर काय बोलणार?

आता गुरूंबद्दल. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवून निवृत्त झालेले एक सर कुडाळात राहतात. मित्राने त्यांच्याकडे नेलं. सरांनी नकाशे पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि मला माइल्ड स्टीलच्या सहा मिलिमीटर जाड फ्लॅटचा एक तुकडा दिला. "ह्येचो चौकोन कर. पन्नास बाय पन्नास. चारी बाजूंनी गुण्या लागाक व्हयो." गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. आयटीआयच्या पोरांना पहिल्यांदा हेच देतात. पुढचे कित्येक रविवार माझ्या हातून तो चौकोन होईना. कानस सपाट चालते असं आपल्याला वाटतं, पण हात नकळत झुलतो आणि कड मधोमध फुगते. गुण्या लावून उजेडाकडे धरलं की दोन्ही टोकांना फट दिसते. सरांचं सांगणं मोजकंच: कानस पुढे जाताना दाब, मागे आणताना उचल, पुढे ढकलताना डाव्या हाताचा दाब कमी करत ने, उजव्याचा वाढवत ने, व्हाइसचा (धातू आवळून धरायच्या शिकंज्याचा) जबडा कोपराच्या उंचीला हवा. माझं बाकडं तीन बोटं खाली होतं. जांभ्याच्या चिऱ्यांवर उचलून घेतलं तेव्हा निम्मी कंबरदुखी गेली. मी घाईला आलो की ते म्हणत, "घाई कित्याक? विमान काय उद्या सुटतला?"

हत्यारं मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर घेतली. पाच इंची व्हाइस ४,५०० रुपयांना. कानशी तीन प्रतीच्या: बास्टर्ड (भरड), सेकंड कट (मध्यम), स्मूथ (बारीक), शिवाय एक गोल आणि एक अर्धगोल; सगळ्या मिळून अडीच हजारांच्या आत. कानशीच्या बाबतीत कंजुषी नको. आणि ४१३० साठी घेतलेल्या कानशी ॲल्युमिनियमला लावू नका, त्याचा चुरा दातांत बसतो. पोलादाचाही बसतो, म्हणून कानशीवर आधी खडू घासायचा आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने झाडायची. खडू मला कॉलेजात हवा तेवढा मिळतो. एवढा एक सरकारी लाभ मी घेतला, हे कबूल.

सगळ्यात शोधावं लागलं ते ३/१६ इंचाचं रीमर, म्हणजे पाडलेलं भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार. नकाशातले बहुतेक बोल्ट एएन-३, म्हणजे ३/१६ इंच जाडीचे. आपल्याकडचे जुने मेस्त्री त्याला दीड सूत म्हणतात, आणि नागदेवीला मी 'दीड सुताचं हॅण्ड रीमर' म्हटल्यावरच ते माळ्यावरून खाली आलं. ११०० रुपये. हे भोक थेट पूर्ण मापाच्या ड्रिलने पाडू नये. पातळ पत्र्यात ते नेमकं गोल पडत नाही. मी आधी तीन मिलिमीटरचं, मग साडेचारचं ड्रिल चालवून शेवटी हाताने रीमर फिरवत होतो. रीमर फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, बाहेर काढतानाही त्याच दिशेने. उलटं फिरवलं की धार मरते. वंगणाला सर खोबरेल वापरतात. रीमिंगला ते खरोखर छान चालतं, फक्त ओटीवर दिवसभर कुणाचं तरी न्हाणं चालू असल्यासारखा वास येतो.

आखणीची पद्धत अशी ठरली. नकाशावरून कागदी साचा कापायचा, पत्र्याला गोंदाने चिकटवायचा, भोकांच्या केंद्रांवर सेंटर पंचने बारीक खळगा पाडायचा. कापायच्या रेषा स्क्रायबरने (धातूवर ओरखडा ओढायच्या टोच्याने) ओढल्या तरी चालतात, कारण त्या कानशीत जातात. वाकाच्या रेषेवर मात्र स्क्रायबर अजिबात लावायचा नाही. तो ओरखडा वाकाच्या बाहेरच्या बाजूला ताणला जातो आणि तडा तिथूनच सुरू होतो. तिथे बारीक मार्कर. पोलादावर शिसपेन्सिलही चालते, ॲल्युमिनियमवर चालत नाही, ग्रॅफाइटमुळे तिथे धातू कुजतो. आतला कोपरा असेल तर आधी तिथे भोक पाडायचं आणि करवत त्या भोकापर्यंत आणायची, म्हणजे आपोआप गोलाई राहते. टोकदार आतला कोपरा विमानात कुठेही नको. हॅक्सॉला इंचाला ३२ दातांचं पातं घ्या आणि तिरपं चालवा. भरड दातांचं पातं पातळ पत्र्यात अडकून दात तुटतात.

भोक पाडताना पत्रा क्लॅम्पने बांधलाच पाहिजे. ड्रिल पलीकडे निघतं त्या क्षणी ते पत्र्याला पकडतं आणि सुटा पत्रा हात कापत फिरतो. हातमोजे करवतीला आणि कानशीला घाला, ड्रिल चालवताना काढून ठेवा. भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत नकाशात दिलेलं अंतर काटेकोर पाळायचं. व्यासाच्या दुपटीपेक्षा ते कुठे कमी दिसलं तर पुढे न जाता आधी नकाशा पुन्हा बघायचा.

डावी-उजवी जोडी असेल तर दोन तुकडे एकावर एक बोल्टने आवळून एकत्रच कानसायचे. वेळ वाचतो आणि दोन्ही जुळे निघतात. कडांवर शेवटचा हात नेहमी लांबीच्या दिशेने फिरवायचा: कानस आडवी धरून पट्टीच्या लांबीने ओढायची, मग १२०, २२० आणि ४०० चा एमरी पेपर, तोही लांबीनेच. आडवे ओरखडे ओढीच्या दिशेला काटकोनात येतात, आणि पट्टी थकली की तिथूनच फाटते. हा भाग अतिशय कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. मी रेडिओ लावत असे.

मार्चअखेर सर म्हणाले, आता वाकवूया. पण आधी त्यांनी माझ्याकडून दोन तुकडे मुद्दाम मोडून घेतले. महागाचा ४१३० मोडायला माझा हात धजेना. "मुद्दाम मोडूक सांगतंय. एकदा बघितलंस की विसरूचंस नाय." पत्रा गिरणीत लाटला जातो तेव्हा त्याला लाकडासारखी एक दिशा येते. एक पट्टी त्या दिशेने कापली होती, दुसरी तिला आडवी. दोन्ही व्हाइसच्या धारदार जबड्यावर, गोलाई न ठेवता, हातोडीने नव्वद अंश वाकवल्या. जिच्यात वाकाची रेषा लाटण्याच्या दिशेला समांतर होती तिच्या पाठीवर भिंगातून बारीक तडे स्पष्ट दिसले. दुसरी वरवर धड होती, पण वाक उलटा सरळ करायला गेलो तर तीही तुटली. मग तिसरी पट्टी घेतली, वाक लाटण्याच्या दिशेला आडवा ठेवला, आतली गोलाई, म्हणजे वाकाची त्रिज्या, जाडीच्या तिप्पट ठेवली. तिला काही झालं नाही. पुस्तकातला नियम मी आधी वाचला होता, तरी लोखंडाचा आवाज ऐकल्यावरच तो पटला.

गोलाईसाठी माइल्ड स्टीलचा जाड ठोकळा घेऊन त्याची एक कड ४.८ मिलिमीटर त्रिज्येत कानसली. पट्टी व्हाइसच्या जबड्यात या ठोकळ्याला टेकवून आवळायची, वर सागवानाचा तुकडा धरायचा आणि त्यावर ठोकायचं. हातोडी पट्टीला थेट लागू द्यायची नाही. वाकवताना गरम करायचं नाही, सगळं थंड धातूतच. सुटल्यावर पट्टी दोन-तीन अंश परत येते, म्हणून तेवढी जास्त वाकवायची.

वाकात किती धातू जातो हा हिशेब लोकांना घाबरवतो, पण तो नववीतल्या पोराला जमेल असा आहे. आतल्या गोलाईला ०.०१७४३ ने गुणायचं, जाडीला ०.००७८ ने; दोन्हींची बेरीज करून वाकाच्या अंशांनी गुणायचं. गोलाई ४.८, जाडी १.६ आणि वाक ९० अंश असेल तर उत्तर येतं ८.६५ मिलिमीटर. आता समजा, बाहेरून मोजून दोन्ही बाजू ४० मिलिमीटर हव्यात. प्रत्येक बाजूतून गोलाई अधिक जाडी, म्हणजे ६.४ वजा करा, उरतात ३३.६ आणि ३३.६. त्यात ८.६५ मिळवा. सपाट पट्टी ७५.८५ मिलिमीटरची कापायची. बाजू नुसत्या मिळवून ८० ची कापली तर चार मिलिमीटर जास्त भरतात आणि भोक भलतीकडे जातं. प्रत्येक नवीन पट्टी मी आधी साध्या १.६ च्या माइल्ड स्टीलमध्ये करून बघत होतो. तो पत्रा स्वस्त, आणि मामांना लाकडावर लावून बघायला नमुनाही मिळतो. समोरासमोरच्या दोन कानांतली भोकं मात्र वाकवल्यानंतरच पाडली, मध्ये लाकडी ठोकळा घालून, एकाच दमात आरपार. आधी पाडलेली भोकं वाकल्यावर एका रेषेत येतील अशी आशा धरू नये.

तारेच्या कानांबद्दल एक गोष्ट नकाशात बारीक अक्षरात असते आणि नजरेतून सुटते. कान तारेच्या नेमक्या रेषेत वाकलेला हवा. थोडा जरी तिरपा राहिला तर प्रत्येक हादऱ्याला तो वाकतो आणि सरळ होतो, आणि असं हजारो वेळा झालं की तुटतो. त्यामुळे हे कान मी घरी पूर्ण केले नाहीत. शेडमध्ये शेपटी उभी करून, तारेच्या जागी सुतळी ताणून, कोन बघून वाकवले.

याच सुमारास एका हितचिंतकाने सुचवलं की कोल्हापूरला लेझरवर दे, एका दिवसात सगळे तुकडे कापून मिळतील. मोह झाला. पण ४१३० मधला कार्बन असा की लेझरच्या उष्णतेने कड कडक होते आणि कडक कडेला वाकवताना तडा जाऊ शकतो. ती कड पुन्हा कानसून काढावी लागते, मग वाचलं काय? पाण्याच्या झोताने कापणारी यंत्रं असतात, त्यांत हा प्रश्न नाही. पन्नास तुकड्यांसाठी मला ती खटपट नको वाटली. शंभराहून जास्त भाग असते तर केलं असतं.

मग पाऊस लागला. जून ते सप्टेंबर कोकणात उघडं पोलाद सांभाळणं हा स्वतंत्र उद्योग आहे. संध्याकाळी चकाकणारी पट्टी सकाळी तपकिरी झालेली असते. घामट बोटांचे ठसे तर गंजात उमटतात, सही केल्यासारखे. हात साबणाने धुऊन, पुसून मगच पट्टीला लावायचे, काम थांबलं की लगेच तेलाचा हात, आणि व्हीसीआय कागदात (गंज रोखणाऱ्या कागदात) गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. जेल निळं असतं तोवर ठीक, गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर भाजून घ्यायचं, स्वयंपाकाच्या तव्यावर नव्हे. एक मात्र बरं: महावितरणचा दिवा गेला तरी कानस चालते. त्या चार महिन्यांत रंगाचं काम पूर्ण बंद, कानशीचं जोरात.

रंगासाठी दसऱ्यापर्यंत थांबलो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर प्रायमर लावू नये, आणि पट्टीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश जास्त हवं. ओल्या आणि सुक्या तापमापीवरून आर्द्रता काढणं मी मुलांना गेली कित्येक वर्षं दाखवतोय. स्वतःसाठी ती पहिल्यांदाच काढली. ऑक्टोबरातही सकाळी नव्वद असे, दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान जमेल तितकी खाली येई. तेवढ्याच वेळात काम.

पण प्रायमरच्या आधी तड्यांची तपासणी. डाय पेनिट्रंट म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारा रंग. त्याचे तीन डबे मिळतात: सफाईचा, लाल, पांढरा. मला १,४०० रुपये पडले. वाक पुसून स्वच्छ करायचा, लाल द्रव फवारून पंधरा मिनिटं सोडायचा, मग फडक्यावर सफाईचा द्रव घेऊन पुसायचा. थेट पट्टीवर फवारायचा नाही, तड्यात शिरलेला लाल रंगही धुऊन जातो. मग पांढऱ्याचा पातळ थर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सरांकडे मुद्दाम मोडलेले तुकडे जपून ठेवले होते, आधी त्यांच्यावर करून पाहिलं म्हणजे रेघ दिसते कशी ते कळलं. खऱ्या पट्ट्यांपैकी ज्यांच्यावर अंधुकशी शंका आली त्या सरळ बाद केल्या, घासून बघत बसलो नाही. मग एमरी, थिनर, आणि दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, दोन हात. खाऱ्या वाऱ्यात भोकाच्या आतल्या कडा आधी गंजतात, तिथे कापसाच्या काडीने प्रायमर लावला.

जानेवारीत मित्राच्या ओळखीचे एक परवानाधारक विमान देखभाल अभियंता दोन दिवस राहायला आले. मी पट्ट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही, आधी रजिस्टर मागितलं. मग मधलीच एक पट्टी उचलून म्हणाले, "ही कुठल्या पत्र्यातली?" मी पान काढून दिलं. त्यांनी दाखला मागितला, नंबर जुळवला, छापील टोक बघायला मागितलं. असं चार-पाच पट्ट्यांचं झाल्यावर भिंग काढून त्यांनी कडा आणि वाक बघितले. एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची) एसी ४३.१३-१बी ही पुस्तिका त्यांच्या टॅबवर होती. ती फुकट उतरवून घेता येते, काम सुरू करण्याआधीच घ्या. जाताना म्हणाले की फोटोंत पट्टीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठीही येऊ दे. तेव्हापासून तसे काढतो.

डीजीसीएशी, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाशी, पत्रव्यवहार मित्र करतोय, तो या कथेचा भाग नाही. एवढंच सांगतो की घरी विमान बांधणाऱ्याने वर्षांचा हिशेब धरून चालावं. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनांचं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हीटी-एनएमडी म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, आणि उडवून बघायचा परवाना २०१९ मध्ये आला. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झालाय. जुने लेख वाचून अर्ज लिहू नका, कलमं तपासून घ्या.

खर्च विचाराल तर पत्रे आणि जकातीचे ३८,००० सोडून हत्यारं, प्रायमर, डाय, एमरी आणि मुंबईच्या फेऱ्या मिळून अठरा-एकोणीस हजार. सरांनी गुरुदक्षिणा घेतली नाही; आमच्या झाडांचे काजू तेवढे घेतले.

आता वेल्डिंगचे भाग. त्यांना मी हात लावणार नाही. मडगावकडच्या एका टिग वेल्डरशी (टिग म्हणजे वायूच्या आवरणाखाली विजेच्या ठिणगीने जोडायची पद्धत) बोलणं झालंय. त्याने आधी नमुन्याचे तुकडे मागितलेत. तो जोडून देईल, आम्ही सरांच्या व्हाइसमध्ये वाकवून तोडून बघू, आणि जोड सोडून शेजारचा पत्रा फाटला तरच काम त्याच्याकडे जाईल. पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवल्यात. मोडायच्याच आहेत, तरी त्यांच्यावरही हीट नंबर घातलाय.